जालन्याचा हिवाळा आणि स्वीट पीचा फुलदांडा



जालना जिल्ह्याच्या शेतीचा विचार पाण्यापासून सुरू होतो आणि पाण्यापाशीच येऊन थांबतो. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून हा जिल्हा अस्तित्वात आला. दक्षिण सीमेवर गोदावरी, जिल्ह्याच्या पोटातून दुधना आणि उत्तरेकडे पूर्णा अशा नद्या लाभल्या असल्या, तरी येथील शेतकऱ्याची खरी भिस्त पावसावर आणि विहिरीवरच राहिली आहे. अशा परिस्थितीत येथील बागाईतदारांनी मोसंबीची बाग उभी केली आणि भौगोलिक मानांकन मिळण्याइतका तिचा लौकिक वाढविला, ही गोष्ट त्यांच्या चिकाटीची साक्ष देते. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात हीच चिकाटी हरली. दहा-पंधरा वर्षे मुलासारखी जोपासलेली झाडे एका उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळली आणि अनेक बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. फळझाडाची तहान चैत्र-वैशाखात सर्वांत अधिक असते आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते, हे त्या दुष्काळाने शिकविले.

याचा अर्थ फळबागा करू नयेत असा मुळीच नाही. मात्र फळबागेच्या जोडीला असे एखादे पीक असावे की ज्याची तहान फाल्गुनापूर्वीच संपते, ज्याला थोडी जागा व थोडे पाणी पुरते आणि ज्याचे मोल क्षेत्रफळावर नव्हे, तर हाताच्या कौशल्यावर ठरते. स्वीट पी या फुलाचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे. जालना जिल्हा ज्या पिकांसाठी ओळखला जातो, त्या कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, द्राक्षे आणि बियाणे यांच्या यादीत हे फूल नाही. ते यादीत यावे की नाही, हे भाषणाने ठरणार नाही. ते एखाद्या गुंठ्यातील प्रयोगाने ठरेल. तो प्रयोग डोळसपणे व्हावा एवढ्यासाठी त्याची शास्त्रीय बाजू येथे मांडली आहे.

फुलाची ओळख

स्वीट पी ही वाटाण्याच्या कुळातील हंगामी वेल होय. तिचे मूळ स्थान इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटाच्या परिसरातील. फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या धर्मोपदेशकाने १६९९ मध्ये तेथून तिचे बी इंग्लंडला धाडले, असे वनस्पतिशास्त्राचा इतिहास सांगतो. आरंभी तिचे फूल लहान व दोनच रंगांचे होते. सुगंध मात्र विलक्षण होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री एकफर्ड या माळ्याने संकर करून मोठ्या फुलांचे अनेक वाण तयार केले. पुढे १९०१ मध्ये लाटेसारख्या दुमडलेल्या पाकळ्यांचा ‘स्पेन्सर’ प्रकार प्रदर्शनात आला आणि या फुलाला फुलदाणीत मानाचे स्थान मिळाले.

शिक्षकांना या फुलाचे आणखी एका कारणाने अगत्य वाटावे. मेंडेलने आनुवंशिकतेचे नियम बागेतील वाटाण्यावर शोधले, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु काही गुण एकमेकांचा हात धरूनच पुढच्या पिढीत उतरतात, ही महत्त्वाची गोष्ट १९०५ च्या सुमारास बेटसन, सॉन्डर्स व पनेट यांच्या प्रयोगांत प्रथम दिसली, ती स्वीट पीवरच. फुलाचा जांभळा रंग आणि परागकणांचा लांबट आकार हे दोन गुण त्यांना अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा एकत्र आढळले.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. नावात वाटाणा आहे म्हणून या वेलीचे दाणे किंवा शेंगा खावयाच्या नाहीत. पूर्व विदर्भातील भातशेतीत होणारी लाख ही स्वीट पीची सख्खी बहीण होय. आहारात लाखेचे प्रमाण फार झाल्याने पाय लुळे पडण्याचा विकार होतो, म्हणून १९६१ मध्ये केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. स्वीट पीच्या बियांतील विषद्रव्य वेगळे असून त्याचा दुष्परिणाम मुख्यतः हाडांवर व संयोजी ऊतींवर दिसतो; पण विष ते विषच. शाळेच्या आवारात लागवड करताना मुलांना हे प्रथम सांगावे आणि बियाण्याची पुडी कुलपात ठेवावी.

बियाणे: दिवसाच्या लांबीचा नियम

आपल्याकडे हे पीक फसण्याचे मुख्य कारण मशागतीत नसून बियाण्याच्या निवडीत असते. स्वीट पीला फूल केव्हा येते, हे बऱ्याच अंशी दिवसाच्या लांबीवर अवलंबून आहे. या दृष्टीने तिचे तीन गट पडतात. हिवाळी गटातील वाण सुमारे १० तासांच्या दिवसातही फुलतात. वासंतिक गटाला सुमारे ११ तासांचा दिवस लागतो. उन्हाळी गटाला, ज्यात प्रसिद्ध स्पेन्सर वाण येतात, १२ तास किंवा त्याहून मोठा दिवस हवा असतो.

आता हा नियम जालन्याच्या पंचांगाशी ताडून पाहावा. जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जवळजवळ ११ तासांचा असतो, फेब्रुवारीच्या मध्यास तो साडेअकरा तासांच्या आसपास पोहोचतो आणि १२ तासांचा दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उजाडतो. म्हणजे सुंदर चित्राला भुलून स्पेन्सर गटाचे बी पेरले, तर वेल हिवाळाभर नुसती पालेदार वाढेल आणि फुलण्याची वेळ येईल तेव्हा ऊन तापू लागले असेल. सुंदर वाणाने दगा दिला, असे मग शेतकरी म्हणेल. वस्तुतः दोष वाणाचा नसून वेळेचा असेल. म्हणून पाकिटावर ‘विंटर फ्लॉवरिंग’, म्हणजे हिवाळी फुलणारा, असा उल्लेख असल्याखेरीज बी घेऊ नये. तुलनेसाठी दोन-चार ओळी वासंतिक गटातील ‘कथबर्टसन’ प्रकारच्या लावण्यास हरकत नाही. हा प्रकार उष्णता अधिक सोसतो.

जमीन, रोपे आणि पाणी

या वेलीला गार हवा आवडते. जालन्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, हे तिला मानवते. दुपारचा पारा मात्र २८ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे थंड प्रदेशात या पिकाला जो दीर्घ बहर मिळतो, तो येथे मिळणार नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे सुमारे दोन महिने, हाच येथील तोडणीचा काळ समजावा आणि सर्व कामे त्याच्या मागे मोजत न्यावीत.

जमीन निचऱ्याची हवी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून अशा जमिनीत गादीवाफे करावेत. किंचित विम्लधर्मी जमीन या पिकाला चालते, ही आपल्या भागाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. ज्या जागेत हरभऱ्यावर किंवा तुरीवर मर रोग आला असेल, ती जागा टाळावी. वाफ्याखाली दीड-दोन फूट खोल माती मोकळी करून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. हे शेंगवर्गीय पीक असल्याने मुळांवरील गाठींतून ते स्वतःसाठी नत्र मिळविते. नत्राचा हात सैल सोडल्यास पाला माजतो आणि कळ्या गळतात. स्फुरद व पालाश माती परीक्षणानुसार द्यावे. बियाण्यास वाटाणा गटाचे रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा यांची प्रक्रिया करावी.

बियाण्याचे कवच टणक असते. डोळ्याच्या विरुद्ध बाजूस नेलकटरने कवचाचा बारीकसा टवका काढला असता पाणी आत शिरते व उगवण एकसारखी होते. ऑक्टोबरच्या उन्हात थेट शेतात पेरणी केल्यास बरेच बी तापलेल्या ओल्या मातीत कुजते. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात शेडनेटच्या सावलीत प्रोट्रेमध्ये रोपे तयार करावीत आणि तीन-चार आठवड्यांनी, हवा निवल्यावर, त्यांची पुनर्लागण करावी. लागणीनंतर ओळींवर सोयाबीनचे काड किंवा उसाचे पाचट अंथरावे. मुळांशी गारवा राहतो आणि पाणीही वाचते.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, अर्थात सुमारे १० मीटर बाय १० मीटर. तीत दीड फूट अंतराच्या जोडओळी घेऊन मध्ये चालण्यासाठी वाट सोडली, तर अशा ७ जोडओळी बसतात. ओळीत दर २० सेंटिमीटरवर एक वेल धरल्यास एका गुंठ्यात सुमारे ७०० वेली होतात. ठिबकने दिवसाला सरासरी ४ मिलिमीटर पाणी धरले, तर गुंठ्याला रोज ४०० लिटर आणि १२० दिवसांच्या हंगामात सुमारे ४८ हजार लिटर पाणी लागेल. हा आकडा शेततळ्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. १५ मीटर बाय १५ मीटर बाय ३ मीटर या मापाच्या, उतरत्या बाजूंच्या लहान शेततळ्यात सुमारे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. बाष्पीभवनाची घट वजा धरूनही या पिकाचा वाटा त्यात लहानच राहतो आणि मुख्य म्हणजे मार्च उजाडण्यापूर्वी तो संपतो.

वळण: एक वेल, एक खोड

मराठीत ‘वळण’ हा शब्द मुलांनाही लागू पडतो आणि झाडांनाही. स्वीट पीच्या बाबतीत सामान्य फूल आणि उत्तम फूल यांतील अंतर केवळ वळणाचे आहे. वेल मोकळी सोडली तर ती झुडपासारखी पसरते, शेकडो फुले देते. पण त्यांचे दांडे आखूड, वाकडे आणि दोन-तीन फुलांचे निघतात. असे फूल परडीत शोभते, बाजारात नाही. बाजारात जाणारा फुलदांडा सरळ, ३० सेंटिमीटरहून अधिक लांब आणि चार टपोऱ्या फुलांचा असावा लागतो. त्यासाठी एकखोडी पद्धत वापरतात.

रोपाला दोन-तीन पानांच्या जोड्या आल्यावर त्याचा शेंडा खुडतात. बुडातून फुटलेल्या कोंबांपैकी सर्वांत जोमदार कोंब तेवढा ठेवून बाकीचे काढून टाकतात. प्रत्येक वेलीस सुमारे ७ फूट उंचीची स्वतंत्र बांबूची काठी, किंवा वरच्या तारेपासून सोडलेली ताठ सुतळी देतात. वेल वाढेल तसतशी दर वीतभर अंतरावर ती काठीशी सैल फाशाने बांधतात. फास आवळला तर खोड चिरते आणि अगदीच ढिला राहिला तर शेंडा कलतो. शेंडा कलला की दांडा उभे होण्यासाठी वळतो आणि कायमचा वाकडा होतो.

यानंतरचे काम काढून टाकण्याचे. पानाच्या बगलेतून निघणारी प्रत्येक बगलफूट कोवळी असतानाच चिमटीने काढावयाची. पानाच्या टोकाशी येणारे तणावे, ज्यांना द्राक्षबागाईतदार बाळ्या म्हणतात, तेही सर्व काढावयाचे. तणावा हा वस्तुतः पानाचाच बदललेला भाग; वेलीला आधार शोधून देणे हे त्याचे काम. काठी आणि फास हे काम करीत असल्याने तो निरुपयोगी होतो; इतकेच नव्हे, तर शेजारच्या वेलीचा फुलदांडा पकडून तो तो वाकवितो. या छाटणीत मात्र एक सावधगिरी हवी. फुलदांडाही पानाच्या बगलेतूनच येतो. बगलफूट कोणती आणि फुलदांडा कोणता, हे कोवळेपणी ओळखता आले पाहिजे. बगलफुटीच्या टोकाशी पानांची घडी दिसते, फुलदांड्याच्या टोकाशी कळ्यांचा झुबका. ही ओळख एकदा बोटांना पटली की चूक होत नाही.

वेल काठीच्या टोकाला पोहोचल्यावर, साधारण जानेवारीच्या मध्यास, ती उतरवून पुन्हा चढविता येते. आदल्या दिवशी पाणी कमी करावे म्हणजे खोड लवचीक राहते. दुपारी फास सोडून वेल अलगद जमिनीवर ओळीच्या दिशेने निजवावी आणि तिचा शेंडा काही फूट पुढच्या काठीला बांधावा. वेलीचे वाढते टोक पुन्हा खाली येते आणि दांड्यांची लांबी टिकण्यास मदत होते. घाईने खोड मोडले तर त्या वेलीचा हंगाम तेथेच संपतो.

हे काम कोण करील, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर जालना जिल्ह्यातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या उद्योगाबरोबर जिल्ह्यातील गावोगावी संकरित बियाण्याचे प्लॉट उभे राहिले. कपाशीच्या वा भेंडीच्या कळीतील पुंकेसर न दुखविता काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी योग्य फुलाचा पराग त्यावर लावावयाचा, हे काम येथील स्त्रियांनी वर्षानुवर्षे केले आहे. दुसरीकडे, १९९६ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम ज्या कडवंची गावात सुरू झाला, तेथे पाणी अडल्यानंतर द्राक्षबागा फुलल्या आणि मांडवावर वेलीला वळण देण्याची विद्या गावाच्या अंगवळणी पडली. बियाण्याच्या प्लॉटातील बोटे आणि द्राक्षबागेतील नजर एकत्र आली, तर एकखोडी स्वीट पीसाठी बाहेरून कारागीर आणण्याची गरज नाही.

मात्र या हातांचे मोल जमाखर्चात धरले पाहिजे. ७०० वेलींना प्रत्येकी अर्धा मिनिट धरला, तरी एका फेरीस सहा तासांच्या जवळपास लागतात आणि आठवड्यातून अशा दोन फेऱ्या हव्यात. घरातील स्त्रीने केले म्हणून ते काम फुकट होत नाही. कागदावर मजुरी न मांडल्याने किफायतशीर भासलेली अनेक पिके प्रत्यक्षात बायकांच्या पाठीवर उभी असतात. हे पीक तसे होऊ नये.

तोडणी आणि हाताळणी

दांड्यावरील खालची एक-दोन फुले उमलली असून टोकाची कळी अद्याप मिटलेली आहे, अशा अवस्थेत पहाटे तोडणी करावी. दांडे तत्काळ स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभे करावेत; बादली वाफ्याच्या कडेलाच असावी. तोडणी एक दिवसाआड तरी झालीच पाहिजे. दांडा वेलीवर राहिला तर शेंग धरते आणि शेंग धरू लागलेली वेल आपले कार्य संपले असे समजून फुलणे थांबविते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही हे काम थांबत नाही.

रोग-किडींपैकी भुरी, मर, मावा, फुलकिडे व लाल कोळी यांवर लक्ष ठेवावे. मावा केवळ रस शोषत नाही, तर विषाणूही पसरवितो. म्हणून पिवळे चिकट सापळे आरंभापासून लावावेत. फवारणी करावी लागल्यास ती तोडणीनंतर व कृषी विभागाच्या सल्ल्यानेच करावी.

या फुलाचा सर्वांत मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे इथिलीन वायू. पिकणाऱ्या फळांतून तो बाहेर पडतो आणि स्वीट पीची फुले त्याच्या अल्प मात्रेनेही कोमेजतात व गळतात. केळी, चिकू, टोमॅटो यांच्या शेजारी ही फुले कधीही ठेवू नयेत. मोसंबी स्वतः फारसा इथिलीन सोडत नाही. पण तिच्यावर हिरवी बुरशी चढली की तीच मोसंबी या वायूचे कोठार बनते. जालन्याहून फुले आणि फळे एकाच वाहनातून पाठविण्याचा मोह होण्यासारखा आहे, तो टाळावा. वाहनाच्या धुरातही इथिलीन असतो, म्हणून चालू इंजिनाजवळ जुड्या रचू नयेत.

परदेशांत फुले तोडल्यावर त्यांना सिल्व्हर थायोसल्फेटच्या द्रावणात काही काळ उभे करतात. त्याने इथिलीनचा परिणाम रोखला जाऊन फुलांचे फुलदाणीतील आयुष्य सुमारे दुप्पट होते. जपानच्या मियाझाकी भागात हरितगृहातील हिवाळी स्वीट पीचा व्यवसाय उभा राहिला, त्यात या प्रक्रियेचा वाटा मोठा आहे. परंतु या द्रावणात चांदी असते आणि चांदी हा जड धातू होय. उरलेले द्रावण नाल्यात, शेततळ्यात किंवा मातीत ओतता कामा नये. तज्ज्ञांचे मार्गदर्शन व विल्हेवाटीची सोय असल्याखेरीज ते वापरू नये. गावपातळीवर विटा, ओली वाळू व गवताचे छप्पर यांतून होणारा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधता येतो. विजेवाचून चालणारा हा कक्ष शीतगृहाची जागा घेत नाही. परंतु पहाटेच्या तोडणीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा दिवस तो निभावून नेतो.

बाजार आणि जमाखर्च

झेंडू व शेवंती ही सुटी फुले तोलून विकली जातात. दसरा-दिवाळीला त्यांची मागणी निश्चित असते. फुलदांड्याचा व्यवहार वेगळा आहे. तो नगावर व जुडीवर होतो आणि त्यात लांबी, सरळपणा व ताजेपणा यांची परीक्षा होते. स्वीट पी हे तर ग्राहकाला नवखे फूल आहे. गुलाब, जरबेरा किंवा निशिगंध यांच्याप्रमाणे त्याला रोजचे गिऱ्हाईक मिळेल, असे धरून चालू नये. आरंभी छत्रपती संभाजीनगर व जालना येथील पुष्पगुच्छ करणारे विक्रेते आणि लग्नसमारंभांचे सजावटकार हेच त्याचे संभाव्य ग्राहक होत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मार्ग पूर्ण झाला. त्यामुळे जालन्याहून मुंबईची वाट आता जवळ आली आहे. पण रस्ता जवळ आला म्हणजे गिऱ्हाईक जवळ आले, असे होत नाही. लागवडीपूर्वी विक्रेत्याशी बोलणी करावीत. लागवडीनंतर केलेली बोलणी ही बोलणी नसून विनवणी असते.

म्हणूनच पहिल्या वर्षी कोणीही एका गुंठ्याहून अधिक क्षेत्र घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. त्या गुंठ्याची वही मात्र काटेकोर ठेवावी. किती दांडे निघाले, त्यांपैकी किती ३० सेंटिमीटरहून लांब होते, कोणत्या तारखेपासून लांबी घटू लागली, किती तास काम पडले, किती पाणी लागले आणि जुडीला काय भाव मिळाला, एवढे सहा रकाने पुरेत. वही तोट्याची निघाली, तरी तिची किंमत कमी होत नाही. एका गुंठ्याच्या खर्चात शंभर शेतकऱ्यांचे नुकसान वाचविल्याचे श्रेय तिला मिळेल.

बियाणे हा या पिकाचा दुसरा संभाव्य लाभ होय. स्वीट पीच्या फुलात कळी उमलण्यापूर्वीच स्वपरागीकरण झालेले असते. त्यामुळे वाण शुद्ध राखणे तुलनेने सोपे जाते. ओळीच्या टोकाच्या वीस-पंचवीस निरोगी वेलींवर फेब्रुवारीत शेंगा धरू द्याव्यात आणि त्या तपकिरी होताच, पिळवटून तडकण्यापूर्वी, गोळा कराव्यात. पंजाबात हंगामी फुलांच्या बियाण्याचा निर्यातयोग्य व्यवसाय उभा राहिला आहे. बियाण्याची राजधानी म्हणविणाऱ्या जालन्याला ही वाट अपरिचित वाटू नये.

शाळा, पंचायत आणि प्रशासन

या प्रयोगात प्रत्येकाला आपले काम आहे. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्र जिल्ह्यातच आहेत. बदनापूरचे केंद्र तुरीसारख्या कडधान्यांच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे आणि स्वीट पी त्याच शेंगवर्गातील असल्याने मुळांवरील गाठी, मर रोग व बीजप्रक्रिया यांविषयी तेथील अनुभव उपयोगी पडावा. कृषी सहायकांनी पहिल्या गुंठ्याची वही पाहावी आणि ती इतरांना दाखवावी. ग्रामपंचायतीने स्त्रियांच्या बचत गटास शीतकक्षासाठी सावलीची जागा द्यावी. गटविकास अधिकाऱ्यांनी उद्दिष्टाचे आकडे ठरविण्याची घाई करू नये; न अजमावलेल्या पिकाला हेक्टरांचे उद्दिष्ट दिले की प्रयोग संपतो आणि कागद सुरू होतो.

शाळेचे काम सर्वांत छोटे आणि कदाचित सर्वांत टिकाऊ आहे. आवारातील कुंपणालगत वीस वेलींची एक ओळ पुरेशी आहे. दहा वेलींना वळण द्यावे, दहा मोकळ्या सोडाव्यात. जानेवारीत विद्यार्थ्यांनी दोन्हींचे दांडे पट्टीने मोजावेत आणि सरासरी काढावी. काही वेली हिवाळी गटाच्या, काही उन्हाळी गटाच्या लावल्या, तर दिवसाची लांबी म्हणजे काय हे फळ्यावर लिहिण्याची गरज उरणार नाही. एक ओळ फुललेली असेल आणि दुसरी नुसती हिरवी.

ज्या मुलाच्या घरची मोसंबीची बाग दुष्काळात गेली, त्याला शेतीवर विश्वास ठेव असे नुसते सांगून भागत नाही. थोड्या पाण्यात, थोड्या जागेत, ठरावीक दिवसांत आणि मोजून-मापून केलेले काम फळास येते किंवा येत नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने पडताळून पाहिले पाहिजे. फुले येवोत वा न येवोत, शाळेच्या कुंपणावरील त्या ओळीचे पाणी फेब्रुवारीअखेर बंद होईल आणि उन्हाळ्याचे पाणी माणसांसाठी, गुरांसाठी व वाचलेल्या बागांसाठी विहिरीत शिल्लक राहील.